पोच कुणी दिली?

रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर मी कागदपत्रांचे काम घेऊन बसतो, हे आमच्या वस्तीत बहुतेकांना ठाऊक आहे. रेशनकार्डातले चुकलेले नाव, जातीचा दाखला, वीजबिलाची तक्रार, जे असेल ते. कारकून माणसाला समाजासाठी करता येण्यासारखे हेच काम. भाषणे करायला दुसरे पुष्कळ आहेत.

पावसाळा संपता संपता अशाच एका रविवारी वरच्या गल्लीतली एक भगिनी आली. ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला जाते. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मुलीचा जुना मोबाईल बंद पडला होता आणि कॉलेजच्या सगळ्या सूचना, टिपणे, परीक्षेचे वेळापत्रक हल्ली मोबाईलवरच येते. भिशी लागली तेव्हा आईने मन मोठे केले आणि भाच्याकडून ऑनलाइन मोबाईल मागवला. ९,४९९ रुपये. पैसे आधीच भरले, कारण आधी भरले तर तीनशे रुपये कमी पडत होते.

गुरुवारी दुपारी भाच्याच्या फोनवर संदेश आला की आपले पार्सल पोचते झाले आहे, धन्यवाद. आई कामावर, मुलगी कॉलेजात. सासूबाई दिवसभर दारात बसून वाल सोलत होत्या. कुणी आले नाही, कुणी हाक मारली नाही.

"भाऊ, पोचलं म्हणतात. मग माझ्याच घरी कसं नाही पोचलं?" एवढे बोलून ती गप्प बसली. मला वाटले, पैशाचे दुःख आहे. पण गोष्ट तेवढीच नव्हती. तिच्या समोरच्या घरातला मुलगा पार्सल वाटण्याचे काम करतो, दुसऱ्याच एका कंपनीकडे. गुरुवारी त्याची सुट्टी होती, तो घरीच होता. नळावर कुणीतरी बोलून गेले, "पार्सलात काय असतं ते त्यालाच बरोबर कळतं." बस्स. ज्या दोन घरांत पंधरा वर्षे विरजणाची वाटी इकडून तिकडे जात होती, त्या दोन घरांची दारे तीन दिवसांत एकमेकांसाठी बंद झाली. मुलाच्या आईने तर शुक्रवारी रात्री पोराला शपथ घ्यायला लावली म्हणे. वीस वर्षांच्या कमावत्या पोराला.

वाचक बंधू-भगिनींनो, म्हणून हा विषय आज घेतला. मोबाईलवर आलेल्या एका ओळीने वस्तू तर गेलीच, शिवाय गल्लीत एक चोर तयार केला.

मी तिला एकच सांगितले. पार्सल कुणी घेतले हे आपण नंतर पाहू. आधी 'पोचले' असे कुणी लिहिले ते शोधू.

मी बी. कॉम. झालेला माणूस. बावीस वर्षे हिशेबाच्या वह्या सांभाळतो आहे. आमच्या ऑफिसात एखाद्याच्या नावे रक्कम टाकली आणि त्याची सही असलेले व्हाउचर नसले, तर ती नोंद साहेब लाल पेन्सिलीने गोल करतात. नोंद आहे म्हणून पैसे दिले असे होत नाही. दर महिन्याला आपली वही आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून मेळ घालतो, तेव्हा निम्म्या चुका सापडतात. 'पार्सल पोचले' हा संदेशही तसाच आहे. तो देणाऱ्याच्या वहीतला 'दिले' असा एक शब्द आहे. घेणाऱ्याच्या वहीत 'मिळाले' असे लिहिलेले नाही. दोन वह्या जुळत नसतील तर ज्याने 'दिले' लिहिले त्याने व्हाउचर दाखवायचे. घेणाऱ्याने आपण चोर नाही हे सिद्ध करायचे नाही.

पण आपली माणसे उलट करतात. कंपनीच्या कॉम्प्युटरने लिहिले म्हणजे खरेच असेल असे समजून आधी घरातल्यांवर ओरडतात, मग शेजाऱ्याकडे संशयाने पाहतात, आणि शेवटी नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. छापील अक्षराची ही भीती आपल्या मनात जुनी आहे.

ओट्यावरूनच फोन लावला. आधी मशीन बोलले, मग गाणे वाजले, मग एक मुलगी आली. गोड बोलली. "सर, सिस्टिममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय." मी म्हटले, दिसत असेल, पण कुणाच्या हातात दिले? पुन्हा, "डिलिव्हर्ड दिसतंय, सर." तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने पुढचे पान उघडले असावे. म्हणाली, "सिक्युरिटी गार्डला दिलंय, सर."

मला हसू आवरेना. आमची वस्ती डोंगराच्या उतारावर आहे. खालच्या रस्त्यापासून त्या भगिनीच्या घरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आमच्याकडे गेट नाही, कंपाउंड नाही. सार्वजनिक शौचालयाच्या दाराशी पैसे घेणारा माणूस सोडला तर राखणीला बसलेला कुणी नाही. गार्ड कुठला आणायचा?

खोट्या नोंदीला असा एखादा धागा लोंबत असतो. तो मिळेपर्यंत विचारत राहावे. सही कुणाची आहे? फोटो काढला असेल तर फोटोतले दार कुणाचे आहे? ओटीपी घेतला म्हणता, तर तो कोणत्या नंबरवर गेला? किती वाजता नोंद झाली आणि त्या वेळी वाटणाऱ्याचा फोन कोणत्या जागी होता? आज पार्सल वाटणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या हे सारे फोनवरच टिपतात. पार्सल खरोखर दिले असेल तर त्यांना हे दाखवायला जड जाऊ नये.

फोनवर मिळालेले उत्तर मात्र हवेत जाते. त्याच दिवशी ते लेखी करावे. त्या रविवारी आम्ही भाच्याच्या फोनवरून जो मजकूर पाठवला तो इथे देतो. कुणाला उपयोगी पडला तर तसाच उतरवून घ्यावा, फक्त आपले तपशील घालावेत.

"महोदय, ऑर्डर नंबर अमुक, रक्कम ९,४९९ रुपये, पूर्ण भरलेली. अमुक तारखेला दुपारी पार्सल पोचल्याची नोंद आपण केली आहे. हे पार्सल मला अथवा माझ्या घरातील कोणाही व्यक्तीला मिळालेले नाही. सिक्युरिटी गार्डकडे दिल्याचे आपल्या प्रतिनिधीने आज फोनवर सांगितले. आमच्या वस्तीत सिक्युरिटी गार्ड नाही. पार्सल कोणाला दिले त्याचे नाव, सही अथवा फोटो, नोंद झाल्याची वेळ व ठिकाण लेखी कळवावे. पुरावा नसल्यास वस्तू पुन्हा पाठवावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. ही तक्रार नोंदवून तिचा नंबर द्यावा."

त्यात शिव्या नाहीत, रडगाणे नाही, गरिबीचा उल्लेखही नाही. त्या भगिनीला वाटत होते, "मुलीच्या शिक्षणासाठी घेतलाय, मी एकटीच कमावती आहे, हे लिहा ना भाऊ." मी म्हटले, आपण दया मागत नाही, हिशेब मागतो आहोत. तिला ते फारसे पटले नाही, पण तिने लिहू दिले.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे नियम आले. त्यांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्याच्या आत निवारण करायचे. गोड बोलणाऱ्या त्या मुलीशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, तिच्या हातात काही नसते. मजकूर या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जायला हवा. आणि "कुरिअरवाल्याला विचारा" असे विक्रेता म्हणाला तर ऐकू नका. पैसे आपण कुरिअरवाल्याला दिलेले नाहीत. ज्याने पैसे घेतले त्याने वस्तू हातात द्यायची. मध्ये त्याने कोणाला नेमले, तो त्याचा प्रश्न.

तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हा फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय झाली आहे. तरी माझे मत विचाराल तर नऊ-दहा हजारांसाठी आयोगात जाण्याची वेळ सहसा येऊ नये. तारखांना खाडे पडतात आणि खाड्याचा पगार कापला जातो. वरच्या दोन पायऱ्यांवर नेटाने उभे राहिले तर बहुधा भागते. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेतही लगेच 'डिस्प्यूट' नोंदवावा, उशीर झाला तर बँक ऐकून घेत नाही.

आमच्या तक्रारीची पोच दुसऱ्या दिवशी आली. नवव्या दिवशी पैसे परत आले. सोबतच्या पत्रात कंपनीने चूक झाली असे लिहिले नव्हते, 'सद्भावना म्हणून' रक्कम परत करत असल्याचे लिहिले होते. माझा पारा चढला. आमचेच पैसे आम्हाला देताना सद्भावना कसली? भाचा म्हणाला, "मामा, पैसे आले ना, सोडा आता." पण पैसे आले म्हणून समोरच्या पोरावरचा डाग गेला नव्हता. मी पुन्हा लिहिले की नोंद कुठे झाली ते आपण कळवलेले नाही, कृपया कळवावे. दोन स्मरणपत्रे गेली. मग एक ओळीचे उत्तर आले. नोंद झाली ती जागा आमच्या वस्तीपासून सव्वा किलोमीटरवर, हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाजवळची होती.

ते उत्तर मी ऑफिसाबाहेरच्या दुकानात छापून घेतले, दोन प्रती. एक त्या भगिनीला दिली. दुसरी तिनेच मागून घेतली आणि समोरच्या घरात स्वतः नेऊन दिली. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो.

पुढच्या रविवारी तो मुलगा ओट्यावर आला. मी त्याला विचारले, अरे, पार्सल न देता 'दिले' असे का दाबतात? तो हसला. त्याने सांगितले ते सगळ्यांनी ऐकण्यासारखे आहे. त्यांना पगार नाही, पार्सलमागे पैसे मिळतात. शंभराच्या आसपास पार्सले घेऊन निघायचे. 'घरी कुणी नव्हते' अशी नोंद जास्त झाली की वरून फोन येतो, दुसऱ्या दिवशी काम कमी मिळते. मग संध्याकाळी उरलेल्या पार्सलांवर कुणी कुणी 'दिले' असे दाबून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन देतो. आमच्यासारख्या चढणीच्या वस्तीत तर खालीच गाडी लावून बटण दाबण्याचा मोह होतो. काही जण कोपऱ्याच्या दुकानात ठेवून जातात आणि सांगायचे विसरतात. आणि हो, चोरीही होते, तो म्हणाला. "पण काका, चोर एखादा असतो. बाकीचे घाईतले असतात."

म्हणून संदेश आला आणि पार्सल आले नाही, तर आधी घरात, शेजारी, कोपऱ्याच्या दुकानात साधेपणाने विचारावे, चौकशीच्या सुरात, संशयाच्या नाही. एक दिवस वाट पाहावी. पण लेखी तक्रार मात्र त्याच दिवशी करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी पार्सल आले तर 'मिळाले' असे कळवायला काय लागते? पार्सल वाटणाऱ्या पोराची कॉलर धरू नये. तो आपल्याच कुणाचा तरी मुलगा आहे, आणि मार खाऊनही तो नोंद बदलू शकत नाही. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. घरी पार्सल आल्यावर पैसे द्यायचे ठरवले असेल तर हा प्रकार फारसा होत नाही, कारण 'दिले' असे दाबले की पैसे त्याला भरावे लागतात. तीनशे रुपये वाचवताना एवढे ध्यानात ठेवावे.

मला माझ्या लहानपणीची पोच आठवते. वडील गोदीत हमाल होते. दर महिन्याला आजीला खेड तालुक्यातल्या गावी मनीऑर्डर करायचे. दहा-बारा दिवसांनी फॉर्मचा तुकडा परत यायचा. त्यावर आजीच्या डाव्या अंगठ्याचा निळा-काळा ठसा आणि खाली साक्षीदाराची सही. वडिलांना वाचता येत नव्हते, पण ठसा ओळखता यायचा. ते सगळे तुकडे खिळ्याला लटकवलेल्या तारेत ओवून ठेवलेले असत. त्या पोचपावतीत घेणाऱ्याचे बोट होते. आजच्या संदेशात देणाऱ्याचे बोट आहे, फरक एवढाच झाला आहे.

टपालाची गोष्ट खाजगी कुरिअरपेक्षा वेगळी, आणि आपल्या घरांसाठी जास्त जोखमीची आहे. कारण मोबाईल गेला तर दुसरा येतो, पण पासपोर्ट, बँकेचे कार्ड, विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र, कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस ही टपालानेच येते. रजिस्टर्ड पोस्ट आणि स्पीड पोस्ट असा फरक आपण लहानपणापासून करत आलो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये सामील झाली. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून नवे दर लागू करताना दोन सोयी दिल्या गेल्या. स्पीड पोस्टवर पाच रुपये आणि वर कर भरून 'रजिस्ट्रेशन' करता येते, म्हणजे टपाल ज्याच्या नावाचे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचे. आणखी पाच रुपये व कर भरले तर ओटीपी घेतल्याशिवाय टपाल द्यायचे नाही. मूळ कागदपत्रे पाठवताना हे दहा-बारा रुपये वाचवू नयेत. खिडकीवर आपणहून सांगावे लागते.

टपाल 'वितरित' दाखवते आणि हातात आले नाही, तर पाठवणाऱ्याकडून पावतीचा फोटो मागून घ्यावा. तिच्यावर तेरा अक्षर-अंकांचा नंबर असतो, दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. तो घेऊन आधी आपल्या पोस्टात पोस्टमास्तरांना भेटावे. बरेचदा पोस्टमन शेजारच्या घराचे नाव सांगतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. न मिटल्यास टपाल खात्याच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या फुकट नंबरवर तक्रार नोंदवावी. त्यापुढे एक हत्यार खाजगी कुरिअरला लागू नाही पण टपालाला लागू आहे, ते म्हणजे माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि अमुक नंबरच्या टपालाच्या वितरणाची नोंद, घेणाऱ्याचे नाव व सही यांची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी माफ आहे, दाखला जोडावा. मी असे काही अर्ज लिहून दिले आहेत. एकदा तर अर्ज गेल्यावर आठवड्याभरात 'हरवलेले' टपालच घरी आले, प्रत मागण्याची गरज उरली नाही.

भरपाईची मोठी आशा मात्र टपालाकडून धरू नये. १८९८ च्या जुन्या पोस्ट ऑफिस कायद्याने हरवणे, उशीर, भलत्याला देणे यांच्या जबाबदारीतून सरकारला जवळजवळ मोकळे ठेवले होते. आता २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे. त्यातही खात्याची जबाबदारी नियमांनी ठरवून दिली असेल तेवढीच. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केले असेल तर त्याच्यावर येते, एरवी नाही. किमती वस्तू पाठवायची तर विमा उतरवूनच पाठवावी.

आता नोटिशीचे. इथे 'पोचले' या शब्दाने नुसते नुकसान होत नाही, माणूस अडकतो. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७, कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, पूर्ण टपालखर्च भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद पोचला असे धरून चालतात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. माझ्याच बाबतीत एकदा घडले. एका फायनान्सवाल्याने माझ्या नावाने काढलेली नोटीस 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेली होती. मी जामीनदार होतो. त्या दिवशी मी ऑफिसात, बायको गावी, घराला कुलूप. नकार कुणी दिला? कुलपाने? हजेरीपटाची नक्कल आणि एसटीचे तिकीट दाखवले तेव्हा कुठे समोरच्या वकिलाने माझे म्हणणे नोंदवून घेतले आणि दुसरी नोटीस दिली. ते तिकीट बायकोने पर्समधून टाकले नव्हते म्हणून निभावले.

चेक परत गेल्याच्या प्रकरणात हे फार जपावे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायचे असतात. नोटीस मिळालीच नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगून ठेवले आहे की, ज्याला नोटीस मिळाली नाही त्याने कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम कोर्टात भरावी आणि प्रकरण संपवण्याची विनंती करावी. तेवढे न करणाऱ्याला नोटीस मिळाली नसल्याची तक्रार करता येणार नाही. म्हणून समन्स आले की "मला आधी काही कळवलेच नाही" असे म्हणत महिनाभर फिरू नये, चौथ्या दिवशी वकील गाठावा. आणि पोस्टमन नोटीस घेऊन आला तर "नको रे बाबा" म्हणून परत पाठवू नये. परत पाठवलेली नोटीस सहसा पोचलीच असे समजतात, फक्त आत काय लिहिले आहे ते आपल्याला कळत नाही.

या सगळ्यात चोरांनी आपला धंदा मांडला आहेच. "तुमचे पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर पत्ता भरा" असा पोस्टाच्या नावाचा संदेश येतो. २०२४ साली पीआयबी फॅक्ट चेक या सरकारी विभागाने तो बनावट असल्याचे जाहीर केले, पण लोक अजून फसतात. लिंक दाबली की पाच-दहा रुपये भरायला सांगतात आणि कार्डाचा नंबर काढून घेतात. पार्सल हरवल्यावर गुगलवर कंपनीचा फोन नंबर शोधू नये, तिथे भामट्यांचेच नंबर टाकलेले असतात. ज्या अ‍ॅपवरून मागवले त्याच्या आतूनच तक्रार करावी. पार्सलाचा ओटीपी खोके हातात आल्यावरच सांगावा, "खाली आलोय, आधी ओटीपी द्या" म्हणणाऱ्याला नाही. पैसे गेलेच तर १९३० वर त्याच घटकेला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये.

राहिला आपला पत्ता. आमच्या वस्तीत कांबळे आडनावाची घरे मोजली तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. 'एस. कांबळे, विहाराजवळ' एवढ्या पत्त्यावर पार्सल चार घरे फिरले तर पोस्टमनचा दोष नाही. पूर्ण नाव, घर नंबर, गल्ली, चाळ समितीचे नाव, आणि पिनकोड बरोबर लिहावा. पिनकोडच्या सहा आकड्यांत एक चुकला की टपाल भलत्याच पोस्टात जाते. दिवसा घरी असणाऱ्याचा फोन नंबर द्यावा, कामावर असणाऱ्याचा नको. कामाच्या जागी फोन उचलता येत नाही हे आपल्याला ठाऊक असते, पार्सलवाल्याला नसते.

पण घर नंबर लिहायचा तर तो दारावर हवा. आमच्याकडे निम्म्या दारांवर नव्हता. समोरच्या घरातल्या त्या मुलाने गेल्या महिन्यात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, आणि नर्सिंगला असलेल्या त्या मुलीने मोठ्या अक्षरांची यादी करून दिली. दोघांनी मिळून दोन गल्ल्यांची दारे पुरी केली. तिसऱ्या गल्लीत रंग संपला. डब्याला दोनशे ऐंशी रुपये लागतात. महिला मंडळाने पुढच्या रविवारी द्यायचे कबूल केले आहे.